सात फुटांची दांडी

एकोणीस वर्षं मी लोकांच्या खिडक्या झाकल्या आणि माझ्या स्वतःच्या खिडकीला काय, तर दोन खिळे, एक नायलॉनची दोरी आणि दोरीवर जुनी चादर. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई जगाला शहाणपण शिकवते आणि घरी बोंब. होतीच बोंब. नाकारतंय कोण?

दोरी मधोमध ढिली पडायची. चादरीला झोळ यायचा आणि त्या झोळातून समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर आम्हाला जेवताना बघायचे. आज काय केलंय हे त्यांना माझ्या सासूच्या आधी कळायचं. नवरा दर दोन महिन्यांनी दोरी ताणायचा. आठवडाभर आम्ही अब्रूदार, मग पुन्हा झोळ. नवरा बसडेपोत ब्रेकचा मेकॅनिक आहे आणि डेपोत त्याला सुतळी म्हणतात, कारण जगात सुतळीने बांधून भागत नाही असं काही असतं हे त्याला मान्यच नाही. आमच्या खुर्चीचा पाय सुतळीवर, नळ सुतळीवर, बादलीची कडी सुतळीवर. बसचे ब्रेक तेवढे तो सुतळीने बांधत नाही. मी शपथ घालून विचारलंय.

तर बुधवारी मी नोकरी सोडली. ठरवून नाही सोडली, तोंडातून निघून गेली.

मी ज्या शोरूममध्ये शिवायची तिथे पुढे काच, झुंबर आणि गार हवा. मागच्या खोलीत मी, माझं मशीन आणि एक पंखा, तोही मालकाच्या मूडवर चालणारा. मालकाची एकच तक्रार, की दर ऑर्डरला कापड कमी पडतं. "कापड काय उंदीर खातात?" असं म्हणायचा आणि उंदीर म्हणताना माझ्याकडे बघायचा. एकदा संध्याकाळी त्याने मला पिशवी उघडायला लावली. पिशवीत डबा होता आणि डब्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी घरी जाताना रोज आपणहून पिशवी त्याच्या टेबलावर उलटी करायला लागले. रोज. अकरा वर्षं. त्याला लाज वाटावी म्हणून. त्याला लाज सोडून बाकी सगळं वाटायचं.

त्या बुधवारी बाळंतपणाचा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. मी मागून ऐकत होते.

"माझ्या बहिणीकडचे पडदे तुमच्याकडचे आहेत. ते ज्यांनी शिवले त्यांच्याकडूनच मला शिवून हवेत. बत्तीस खिडक्या आहेत."

"आमचे कारागीर बाहेरून शिकून आलेत मॅडम," मालक म्हणाला. "ते असे कुणाला भेटत नाहीत."

मी उठले आणि पुढे आले. अंगावर दोऱ्याचे तुकडे, बोटात शिवणाचं टोपण, तशीच. "भेटतात," म्हटलं. "बाहेरून म्हणजे त्या मागच्या खोलीतून. तुमच्या बहिणीचे पडदे मी शिवलेत, निळे, खाली दुमडीला दुहेरी टीप आहे. घरी गेल्यावर बघा."

मालक म्हणाला, "तू आत जा."

"जाते," मी म्हटलं, "पण बाहेर जाते."

डॉक्टरीणबाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी विचारलं, "तुमचं काम कुठे बघायला मिळेल?" आणि माझ्या या जिभेला कुठे थांबायचं ते कधी कळलंय? मी म्हटलं, "माझ्या घरी. रविवारी सकाळी दहाला या. लोकांच्या घरचे काय बघता, माझ्या घरचे पडदे बघा."

पत्ता लिहून दिला, खिळ्यावरची माझी टेप आणि कात्री उचलली, पिशवी त्या दिवशी शेवटची उलटी केली आणि रस्त्यावर आले. हवा अशी काही डोक्यात गेली होती म्हणता, की दोन चौक मी जवळजवळ उड्या मारत गेले. तिसऱ्या चौकात चादर आठवली.

म्हणजे हिशेब सरळ होता. रविवारी दहा वाजता त्या बाईला माझी खिडकी आवडली, तर बत्तीस खिडक्या माझ्या आणि मी माझी मालकीण. नाही आवडली, तर सोमवारी त्याच काचेच्या दारात, मान खाली घालून.

घरी येऊन सगळं सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मी दोरी ताणून देतो."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "अरे सुतळ्या, तुझी बायको एकोणीस वर्षांची नोकरी फेकून आली आणि तू दोरी ताणतोस?"

"मग काय करू?"

"दांडी आणायची," सासूबाई म्हणाल्या. "अशी, की बघणाऱ्याने आधी दांडी बघावी, मग पडदा, मग आपल्याला बघावं आणि गप्प बसावं."

माझी सासू चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याशी माझं पटतं असं मी कधी म्हटलेलं नाही. पण त्या क्षणी तिला उचलून गरगर फिरवावं असं वाटलं. तिचं वजन बघता नाही फिरवलं.

गुरुवारी आम्ही तिघं दांड्यांच्या दुकानात. दुकान बोळासारखं लांबच लांब आणि दोन्ही भिंतींना दांड्याच दांड्या. लाकडी, लोखंडी, पितळी, पितळी दिसणाऱ्या, सोनेरी दिसायचा प्रयत्न करणाऱ्या. दुकानदार किडकिडीत, थकलेल्या आवाजाचा. सगळं आयुष्य लोकांच्या नवरा-बायकोच्या भांडणांत उभं राहून काढलेला माणूस ओळखू येतो.

त्याने आधी एक झगमगीत दांडी पुढे केली. सासूबाईंनी ती कलिंगड वाजवतात तशी बोटाने वाजवली. कान लावला. "पोकळ आहे. आमच्या धाकट्या जावेसारखी. बाहेरून चकचक, आत हवा."

"आजी, सगळ्या दांड्या पोकळच असतात," दुकानदार म्हणाला. "पत्रा किती जाड आहे ते बघायचं."

"मग जाड पत्र्याची जाऊ दाखवा."

त्याने काळी लोखंडी दांडी काढली. मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याहून चांगली जाड. मी हातात घेतली आणि हात आपोआप खाली गेला. वजन होतं. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते, की बाई गं, पडद्यावर जितका जीव लावतेस त्याच्या निम्मा दांडीवर लाव. जड कापड बारीक दांडीवर टांगलं की वर्षात दांडी मधोमध हसायला लागते. कुणी ऐकत नाही. लोक कापडाचा रंग निवडायला तीन दिवस घालवतात आणि दांडी निघता निघता घेतात, पिशवी मागावी तशी.

नवऱ्याने दांडी माझ्या हातातून घेतली, दोन ब्रॅकेटवर ठेवलेला एक नमुना भिंतीवर होता तिकडे बघितलं आणि म्हणाला, "लोंबकळून बघू का?"

"दादा," दुकानदार म्हणाला, "ती पडदा धरायला आहे, नवरा धरायला नाही."

"नवरा धरायला ही आहे," सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "पण ही किती दिवस धरणार?"

हे आमच्या घरातलं खूळ आहे, समजून घ्या. सासरे गाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसवायचे. स्वतः बसवलेल्या प्रत्येक गोष्टीवर ते आपलं सगळं वजन टाकून बघायचे. त्यांचा नियम असा, की जे मला पेलत नाही ते लोकांना विकायचं नाही. नवऱ्याने सुतळी कुठून उचलली देव जाणे, पण लोंबकळणं बापाचं घेतलं. आमच्याकडे माळ्याची फळी आली तेव्हाही तो आधी तिच्यावर बसला होता. फळी गेली. तो वाचला. नवी फळी आणली.

दुकानदाराने त्याला लोंबकळू दिलं नाही. मग टोकं निवडायची होती. दांडीच्या दोन्ही बाजूंना फिरवून बसवायची शोभेची टोकं असतात, ती. गोळे होते, भाले होते, पानं होती, अननसासारखं काहीतरी होतं. मला साधी कळी हवी होती. सासूबाईंना पोपट हवे होते.

"आई, पोपट नको. दवाखान्याची बाई येणार आहे, जत्रा नाही."

"बघ तरी. काय पोपट आहे."

पोपट खरंच देखणा होता. ओतीव, जुन्या पितळेच्या रंगाचा, पिसन् पीस दिसणारा. पण दोन्ही एकाच साच्यातले. दांडीच्या या टोकाला लावला की चोच खोलीकडे आणि त्या टोकाला लावला की चोच भिंतीकडे. दुकानदाराने खरं काय ते सांगितलं, "जोडी नाही येत ताई. म्हणूनच पडून आहेत."

"म्हणजे एक बोलतोय आणि एक रुसलाय," सासूबाई म्हणाल्या. "संसार आहे तो. द्या."

मी कळी म्हणत राहिले, त्या पोपट म्हणत राहिल्या. नवरा म्हणाला, पोपट पकडून दांडी चढवायला सोपी. दोन विरुद्ध एक. पोपट घेतले. आणि खरं सांगू, दुकानातून निघताना मलाही ते आवडायला लागले होते. एकोणीस वर्षं मी लोकांच्या आवडीचे भाले आणि गोळे बघितले. कुणाकडे रुसलेला पोपट नव्हता.

"माप?" दुकानदाराने विचारलं.

"खिडकी बहात्तर इंच. दोन्हीकडे सहा-सहा बाहेर. चौऱ्याऐंशी. सात फूट कापा."

"मी एकदा येऊन मोजू का? स्टीलच्या टेपने घेतो. एकदा दांडी कापली की..."

"तुम्ही मला मोजायला शिकवणार?" मी म्हटलं. माझा आवाज बोळभर गेला. "मी हात लावलेल्या खिडक्या एकापुढे एक ठेवल्या तर तुमचं दुकान त्यात हरवेल. कापा."

त्याने कापली.

शुक्रवारी मी घरच्या जुन्या मशीनवर पडदे शिवले. गडद हिरवं, जाड सुती कापड, खाली दुहेरी टीप. मी स्वतःसाठी कधी शिवलंच नव्हतं. मशीन इतकं पळत होतं, की सासूबाई म्हणाल्या, "हळू, आग लागेल." मध्येच मी थांबून कापडावर गाल टेकवला. वेड्यासारखं. कुणी बघत नव्हतं, फक्त मास्तर बघत होते.

शनिवारी दुपारी नवऱ्याने डेपोतून ड्रिल मशीन आणलं. माझ्याच टेपने खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोजलं, भोकं पाडली, त्यांत लाकडी गुटकी ठोकली, ब्रॅकेट आवळले. इतके आवळले, की भिंत ओरडेल असं वाटलं. मग दोघांनी दांडी वर उचलली.

डावं टोक बसलं. उजवं टोक ब्रॅकेटच्या अलीकडेच, साडेतीन इंच हवेत.

आम्ही उजवं टोक बसवलं. मग डावं हवेत.

सासूबाई खालून म्हणाल्या, "दांडी आक्रसली का?"

माझं डोकं असं काही फिरलं म्हणता. चोर. मोजायला येऊ का म्हणे. माप मी बरोबर दिलं आणि याने आखूड कापली, म्हणजे मी त्याला घरी बोलावलं नाही याचा सूड. मी दांडी खांद्यावर टाकली, पोपटासकट, माझी टेप गळ्यात अडकवली आणि निघाले. रस्त्यातले लोक बाजूला होत होते. खांद्यावर सात फुटी लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना पोपट आणि मध्ये मी. मीही बाजूला झाले असते.

दुकानात शिरले आणि सुरू झाले. काय काय बोलले ते लिहीत नाही. माझा दम संपला तेव्हा दुकानदाराने खिशातून स्टीलची टेप काढली आणि दांडीवर धरली. चौऱ्याऐंशी. बरोबर चौऱ्याऐंशी, एक दोराही कमी नाही.

"आता तुमची," तो म्हणाला.

मी गळ्यातली टेप काढून दांडीवर लावली. ऐंशी आणि वर थोडं.

पुन्हा लावली. ऐंशी आणि वर थोडं.

त्याने काउंटरवर स्टीलची टेप ताणून ठेवली. मी माझी तिच्या शेजारी ठेवली. माझे साठ इंच संपले तिथे त्याचे साडेबासष्ट झाले होते.

"ताई," त्याने अगदी हळू विचारलं, जसं आजारी माणसाला विचारतात, "ही टेप तुम्ही कुठे ठेवता?"

शोरूमच्या मागच्या खोलीत, मशीनशेजारच्या खिळ्याला. टांगून. आणि कात्री सारखी हरवते म्हणून कात्री तिच्याच खालच्या टोकाला बांधलेली. मोठी कात्री, कापड कापायची, चांगली किलोभराची. काम नसेल तेव्हा टेप आणि कात्री दोन्ही खिळ्याला. सगळ्या रात्री, सगळ्या सुट्ट्या. एकोणीस वर्षं ती कात्री माझी टेप ओढत होती, एकेक केस, एकेक केस, आणि मी त्या टेपची शपथ घेत होते.

मी स्टुलावर बसले. दुकानदाराने पाणी दिलं. आणि पाणी पिता पिता माझ्या डोक्यात ते आलं.

शोरूमचा मोजणारा माणूस लोकांच्या घरी स्टीलच्या टेपने माप घ्यायचा. जमिनीपासून तीन इंच वर सोडून. कागदावर लिहून मला द्यायचा. आणि मी कापायचे माझ्या टेपने. सात फुटाच्या पडद्याला साडेतीन इंच जास्त. दर पडद्याला. म्हणजे तीन इंच वर राहायला हवा होता तो पडदा अर्धा इंच जमिनीवर टेकायचा. लोक म्हणायचे, हिच्या हातचा पडदा बघ कसा भरून पडतो. मला वाटायचं ही माझी कला.

आणि मालकाचं कापड कमी पडायचं.

"अहो," मी दुकानदाराला म्हटलं, "म्हणजे कापड खरंच जात होतं."

"कसलं कापड?"

मी त्याला सांगितलं. पिशवी, डबा, उंदीर, अकरा वर्षं. सांगता सांगता मला हसू फुटलं आणि ते थांबेना. तो माणूस अकरा वर्षं माझ्या पिशवीत कापड शोधत होता आणि कापड त्याच्याच गिऱ्हाइकांच्या खिडकीत लोंबत होतं, सगळ्या गावासमोर, साडेतीन-साडेतीन इंच. त्याने एकदा जरी माझ्या पिशवीऐवजी माझी टेप बघितली असती. पण टेप बघायची तर मागच्या खोलीत यावं लागलं असतं आणि तिथे उकडायचं.

तो थकलेला दुकानदारही हसायला लागला. काउंटर धरून. मी आधी जे बोलले होते त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, इथे रोज कुणीतरी बोलतं. पण पोपट खांद्यावर घेऊन आजवर कुणी बोललं नव्हतं."

दांडी आता लांब होणार नव्हती. मध्ये जोड दिला तर तिथून वाकेल, असं तो म्हणाला, आणि मला पटलं. नवीन दांडी सोमवारी. म्हणजे एकच उपाय. ब्रॅकेट आत घ्यायचे. निघताना मी त्याच्याकडून एक स्टीलची टेप घेतली. आयुष्यातली पहिली.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, त्याला माप घेऊ दिलं असतंस तर. तो असं काहीच बोलला नाही. फक्त म्हणाला, "कात्री सुतळीने बांधली होतीस?"

"हो."

"चांगली टिकली," तो म्हणाला आणि ड्रिल घेतलं.

दोन्ही ब्रॅकेट दोन-दोन इंच आत आले. दांडी बसली, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. पण तिच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे जुनी भोकं राहिली, बाजूबाजूला दोन-दोन, डोळ्यांसारखी. सासूबाईंनी त्यात टूथपेस्ट भरली आणि बोटाने सारखी केली. वरून चुना. दुरून काही कळेना, पण घरभर दात घासल्याचा वास.

मग नवऱ्याने चपला काढल्या. हे होणारच होतं. त्याने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि पाय उचलले. ब्याण्णव किलो. दांडी हलली नाही. तो तिथे टांगलेला, गुडघे वर, चेहऱ्यावर बापाला दाखवत असल्यासारखं काहीतरी.

"उतर," सासूबाई म्हणाल्या. "मला धर."

"आई, नको."

"तुझ्या बापाने बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर मी बसलेय. धर."

आम्ही दोघांनी तिला स्टुलावर चढवलं. तिने दांडी पकडली, डोळे मिटले आणि पाय उचलले. मोजून तीन सेकंद. मग एकदम खुदकन हसली, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आणि आम्ही तिला झेललं. मग मी लोंबकळले. मग पुन्हा नवरा. समोर मास्तर खिडकीत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी नवे पडदे रिंगांत घातले आणि त्यांच्या तोंडावर ओढून घेतले. एका हाताने. सरकन. काय तो आवाज. मी तो पंधरा-वीस वेळा ऐकला.

रविवारी दहाला पाच कमी असताना डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी खोलीत पाऊल टाकलं आणि नाक वर केलं. "कुणाचे दात दुखतायत का?"

"भिंतीचे," सासूबाई म्हणाल्या.

त्या खिडकीपाशी गेल्या. पडदा हातात घेतला, उलटा केला, टीप बघितली. मग पिशवीतून एक कागद काढून मला दिला. दवाखान्याच्या बत्तीस खिडक्यांची मापं. "आमच्या माणसाने स्टीलच्या टेपने घेतलीत. यावरून कापाल ना?"

आता बघा. हो म्हटलं असतं तर संपलं होतं. स्टीलची टेप घरात होतीच, तिनेच कापले असते, कुणाला काही कळलं नसतं. पण ज्या पडद्यांमुळे ती बाई माझ्या दारात आली होती ते पडदे चुकीच्या टेपचे होते, आणि मी अकरा वर्षं पिशवी उलटी केलेली बाई आहे. मला झाकता येत नाही. पडदे सोडून.

"मॅडम, एक सांगते. मग ठरवा." आणि मी सांगितलं. कात्री, खिळा, साठाचे साडेबासष्ट. "तुमच्या बहिणीचे पडदे जमिनीला टेकतात ते माझ्या कलेने नाही. टेप सैल झाली होती म्हणून."

नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याची खालची दुमड पुन्हा हातात घेतली. "मला ते टेकणंच आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले." मग कागदाकडे बघून, "पण दवाखान्यात टेकून चालणार नाही. फरशी दिवसातून चारदा पुसतात. मला तिथे चार बोटं वरच हवेत."

"मग चार बोटं वर. नवी टेप आहे."

"आणि माझ्या घरी दोन खिडक्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना जुनी टेप चालेल. फेकू नका."

मला हसावं की श्वास घ्यावा कळेना. पण त्या अजून दांडीकडे बघत होत्या. "ही कितपत मजबूत आहे? माझ्याकडे पडद्यांपेक्षा दांड्यांचा त्रास जास्त आहे. बायकांना कळा आल्या की हाताला येईल ते धरतात. खाटेशेजारी खिडकी, म्हणजे पडदा धरतात. या वर्षी दोन दांड्या खाली आल्या. एक तर नर्सच्या डोक्यात."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सासूबाई उठल्या, स्टूल आणलं आणि खिडकीखाली ठेवलं. "या," त्या म्हणाल्या. "तोंडाने काय सांगायचं."

एवढी मोठी डॉक्टर. तिने घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं. स्टुलावर चढली. "खरंच?" तिने विचारलं. नवरा म्हणाला, "ब्याण्णव किलो बघून झालेत, तुम्ही निर्धास्त." तिने दांडी धरली, आधी हळू ओढली, मग जोरात, मग एक हिसका दिला, जसा ती रोज बघत असेल तसा. आणि मग पाय उचलले. ती हलत होती, दांडी नाही.

खाली उतरली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "बत्तीस," ती म्हणाली. "दांड्यांसकट. बसवणारे हेच ना?"

"हेच," मी म्हटलं. "पण सुट्टीच्या दिवशीच येतील. ब्रेकवाले आहेत."

"कधी सुरू करता?"

"पंधरा दिवसांनी," सासूबाई माझ्या आधी म्हणाल्या, भाव खायला.

"आत्ता," मी म्हटलं.

आणि आत्ता म्हणजे आत्ता. त्यांच्याच गाडीतून मी आणि नवरा दवाखान्यात गेलो, घरच्या चपलांत. मापाचा कागद होता, पण आता दुसऱ्याच्या मापावर माझा विश्वास नव्हता आणि माझ्या मापावर तर त्याहून नव्हता. मला प्रत्येक खिडकी स्वतः मोजायची होती, दोनदा.

पहिल्या मजल्यावरची पहिली खोली. खिडकीशेजारी खाट, खाटेवर एक मुलगी, पंचविशीची असेल. घामाने केस कपाळाला चिकटलेले. शेजारी तिची आई पाठ चोळत बसलेली. नवरा दाराबाहेरच थांबला. मी आत गेले, टेप लावली, आकडा बघितला, पुन्हा लावली, पुन्हा बघितला. तोच. लिहिला.

"काय मोजताय?" मुलीने विचारलं.

"पडदा लावणार आहे. दांडी पण."

तिला तेवढ्यात कळ आली. तिने खिडकीकडे हात केला, तिथे धरायला काहीच नव्हतं, तर माझं मनगट धरलं. काय ती पकड. दांडी जाडच घ्यायची, हे मी त्या क्षणी पक्कं केलं. कळ गेली, तिने हात सोडला, माफी मागायला लागली.

"माफी कसली मागतेस," मी म्हटलं. "रंग सांग. या खोलीला कुठला लावू?"

तिने आईकडे बघितलं, मग रिकाम्या खिडकीकडे. तिला बहुतेक गेल्या आठ तासांत दुखतंय का याशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं. ती विचार करत होती. पुढची कळ यायच्या आत सांगायचं म्हणून भराभर विचार करत होती.

"पिवळा," ती म्हणाली.

मी कागदावर आकड्यापुढे लिहिलं, पिवळा, आणि खाली रेघ मारली.